आधी डाव्या हाताने काढून बघ

लहान मुलांची चित्रं वयानुसार कशी बदलत जातात, त्या टप्प्यांचा तक्ता पाठ करत बसू नकोस गं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली मांडलेले टप्पे, म्हणजे 2 ते 4 वर्षं रेघोट्या, 4 ते 7 ओळखू येणारे पहिले आकार, मग दर वेळी त्याच ठरलेल्या पद्धतीने काढलेली माणसं-घरं, परीक्षेपुरते ठीक. बालवाडीत वयं मागेपुढे होतातच.

तू असं कर. डोळे मिटून, डाव्या हातात जाडा खडू धरून पाठकोऱ्या कागदावर गोल काढ. रेघेची दोन टोकं जुळवणं किती अवघड, ते कळेल. मग मुलांची महिन्याभराची चित्रं घे, मागे वय-तारीख लिही आणि वय न बघता जमिनीवर क्रमाने मांड. डोक्यालाच पाय फुटलेला माणूस हमखास सापडेल. धड नाही म्हणून दुरुस्त करू नकोस. तीन-चार वर्षांच्या मुलांचा माणूस असाच असतो. पुढे तळाशी जमिनीची रेघ येते, भिंतीआरपार घरातली माणसं दिसायला लागतात. (माझी सगळ्यात आवडती चित्रं हीच.)

"हे काय काढलंस?" विचारू नकोस. "सांग ना मला याच्याबद्दल" म्हण, आणि मूल बोलेल ते त्याच्याच शब्दांत मागे टिपून ठेव. दोन डोंगरांमधला सूर्य मात्र फळ्यावर काढून देऊ नकोस. मग वर्गात सगळीकडे तोच सूर्य उगवतो आणि कोण कुठे पोचलंय ते काहीच कळत नाही.