स्क्वीझ या शब्दाचा मराठीत अर्थ काय आणि तो कुठे वापरतात?

स्क्वीझ म्हणजे दोन्ही बाजूंनी दाब देणं, पण मराठीत याला एकच शब्द चालत नाही, वस्तू बदलली की क्रियापद बदलतं. लिंबू आपण पिळतो, टूथपेस्टची ट्यूब दाबतो, आणि धीर द्यायला कोणी हात घट्ट दाबला तरी इंग्रजीत स्क्वीझच.

गोंधळ होतो तो ओल्या कपड्यांशी. आपण लिंबूही पिळतो आणि धुतलेली चादरही पिळतो, पण इंग्रजीत चादरीला पीळ देऊन पाणी काढलं तर त्याला रिंग म्हणतात, म्हणजे अंगठीच्या रिंगसारखाच उच्चार पण स्पेलिंग डब्ल्यूपासून सुरू होतं. नुसता स्पंज मुठीत दाबला तर स्क्वीझ. हा फरक शाळेत कोणी नीट सांगतच नाही, खरं तर सांगायला हवा.

दुसरा वापर म्हणजे कमी जागेत मावणं. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथा "जरा सरका" म्हणत टेकतो ना, ते स्क्वीझ इन. डॉक्टरांनी फुल अपॉइंटमेंटमध्ये तुम्हाला मधेच घेतलं तरी तेच.

शेअर बाजारात शॉर्ट स्क्वीझ ऐकलं असेल, भाव पडेल म्हणून उसने शेअर विकलेले लोक भाव चढल्यावर अडकतात आणि मिळेल त्या भावाने परत विकत घ्यायला धावतात, त्याने भाव अजून चढतो, जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या कंपनीच्या शेअरचं हेच झालं होतं.