पैलवानाचे एक वर्ष कॅमेऱ्यात पकडताना

प्रश्न : आम्ही दोघे मित्र निपाणीचे. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीगिरांवरचे माहितीपट पाहिल्यापासून आपल्या भागातील एखाद्या पैलवानाचे वर्षभर चित्रण करावे, असे मनात घोळत आहे. पण तिकडच्या लढतींचा निकाल आधीच ठरलेला असतो आणि आपली मातीतली कुस्ती खरी असते. मग त्या माहितीपटांतून आम्ही काय घ्यावे? आणि सुरुवात दिवाळीनंतर, मैदाने भरू लागली की करावी का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्याकडे ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तिचा नुसता संशय आला तरी मैदानात आरडाओरडा होतो. तिकडे मात्र निकाल ठरलेला असतो हे प्रेक्षकालाही ठाऊक असते, त्यामुळे कोण जिंकणार या उत्सुकतेवर माहितीपट उभा करता येत नाही आणि दिग्दर्शकाला लढतीच्या बाहेर पाहावेच लागते. तेच आपण घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

१९९८ साली पॉल जे यांनी कॅनडाच्या ब्रेट हार्टवर ‘हिटमॅन हार्ट : रेसलिंग विथ शॅडोज’ हा माहितीपट केला. लढती भरवणारी कंपनी सोडून निघालेल्या हार्टला आपल्याच देशात विजेतेपदाचा पट्टा गमवायचा नव्हता. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी मॉन्ट्रियलच्या लढतीपूर्वी कंपनीचे मालक विन्स मॅकमहन यांच्याशी त्याचे जे बोलणे झाले, त्यात तो हरणार नाही असे ठरले आणि ते बोलणे त्याने अंगावर लपवलेल्या मायक्रोफोनमुळे टिपले गेले. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी शॉन मायकेल्सने त्याला त्याच्याच डावात धरले आणि हार्टने हार कबूल केलेली नसताना घंटा वाजवण्यात आली. माणूस आणि मालक यांच्यातील विश्वास कसा तुटतो, हे या चित्रणात दिसते, कारण कॅमेरा कितीतरी महिने आधीपासून त्याच्या घरात आणि प्रवासात सोबत होता. १९९९च्या ‘बियाँड द मॅट’ या माहितीपटात कुस्तीगीर मिक फोलीच्या डोक्यावर खुर्चीचे घाव बसत असताना पुढच्या रांगेतली त्याची लहान मुले रडताना दिसतात, आणि नंतर दिग्दर्शक बॅरी ब्लॉस्टीन ते चित्रण फोलीलाच दाखवतात. तिथे निकाल ठरलेला होता, पण घाव खरे होते आणि मुलांचे रडणेही खरे होते.

म्हणून दिवाळीची वाट पाहू नका. आषाढातच सुरुवात करा. आपल्याकडील बहुतेक मोठी मैदाने दिवाळीपासून उन्हाळ्यातील यात्रा-जत्रांपर्यंत चालतात. पावसाळ्यात हलगी नसते, इनाम नसते, खुराकाचा खर्च मात्र थांबत नाही, आणि पैलवान घडतो तो याच दिवसांत. एका पावसाळी संध्याकाळी मी तालमीत बसलो होतो. खांद्याला पट्टी बांधलेला एक मुलगा, लढायची परवानगी नसल्यामुळे, एका हाताने फावडे धरून आखाड्याची माती वरखाली करत होता. ताक, तेल आणि हळद घालून मुरवलेल्या त्या मातीचा वास सगळ्या खोलीत भरला होता. त्याच्या जोडीची मुले समोर जोर मारत होती आणि तो खाली मान घालून ढेकळे फोडत होता. तिथे कॅमेरा असता, तर त्या मुलाचे सगळे वर्ष त्या एका दृश्यात आले असते.

दुसरी गोष्ट जाहिरातीच्या फलकाची. यात्रेच्या फलकावर पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीला सर्वांत मोठी छायाचित्रे असतात आणि पुढच्या जोडी उतरत्या क्रमाने छापलेल्या असतात. हंगामाच्या सुरुवातीचा फलक आणि वैशाखातला फलक शेजारी ठेवले की आपला पैलवान चढला की उतरला, हे निवेदनाशिवाय कळते. जोड ठरवताना वस्ताद आणि यात्रा कमिटी यांच्यात होणारी घासाघीसही टिपा, मात्र दोन्ही बाजूंची संमती घेऊन. इनामाची रक्कम किंवा दुखापत दाखवण्यापूर्वी पैलवानाला विचारा, कारण आजारी खांद्याची बातमी फुटली तर पुढच्या मैदानात प्रतिस्पर्धी त्याच खांद्यावर जोर देईल. असे चित्रण हंगाम संपेपर्यंत कोणालाही दाखवू नका.

प्रश्न : आमचा पैलवान घरी कन्नड बोलतो आणि तालमीत मराठी. मराठी माहितीपटासाठी घरच्यांनाही मराठीत बोलायला सांगावे का? – एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : सांगू नये. १९५९ साली हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आपल्याच तालुक्यातील एकसंब्याचे होते आणि त्यांची कारकीर्द कोल्हापुरात बहरली. सीमेवरच्या पैलवानाचे आयुष्य असेच दोन्हीकडे पसरलेले असते. मुलगा दुखावला आहे हे कळल्यावर आई ज्या भाषेत विचारपूस करील, तीच तिची भाषा. तिला शब्द शोधायला लावले, तर ती कॅमेऱ्यासाठी बोलू लागेल. खाली मराठी ओळी द्याव्यात आणि त्या छापण्यापूर्वी कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून एकदा, आणि खुद्द त्या माउलीकडून एकदा, तपासून घ्याव्यात.