हरणार हे स्पष्ट दिसत असताना बुद्धिबळात राजा आडवा पाडून डाव सोडणं हा मोठेपणा की पळपुटेपणा? आणि सोडायचा तर नेमका कधी?

‘पळपुटेपणा’ हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून लिहायला बसलो. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं याच्या बरोबर उलटा आरोप चालतो, आणि तो माझ्यावर. माझा मामेभाऊ, आमचा दादा, ज्याने मला हा खेळ शिकवला, त्याच्या मते हरलेला डाव न सोडणारा माणूस असंस्कृत.

आधी एक किरकोळ गोष्ट. राजा आडवा पाडणं हा निम्मा सिनेमाचा प्रताप आहे. नियमाला ‘मी डाव सोडतो’ एवढं जाहीर केलेलं पुरतं. स्पर्धेत माणूस घड्याळ थांबवतो, हात पुढे करतो, कागदावर सही करतो आणि बाहेर जाऊन मित्राला सांगतो की जिंकलेला डाव घालवला. इलेक्ट्रॉनिक पट असेल तर दोन्ही राजे उभेच मध्यावर आणून ठेवतात. पांढरा जिंकला तर मधल्या दोन पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर मधल्या काळ्या घरांत. कोणी कोणाला आडवं पाडत नाही.

दादा मात्र पाडतो. दोन बोटांनी, हळूच, राजा घरंगळून खाली जाणार नाही अशा बेताने. त्यामागे त्याचं तत्त्वज्ञानही आहे: या खेळात वजिरापासून प्याद्यापर्यंत सगळे मारले जातात, राजाला मात्र कोणी मारत नाही. त्याला जायला घर उरलं नाही की खेळ तिथेच थांबतो आणि तो पटावरच राहतो. मग अशा राजाने घरोघरी धक्के खात फिरावं कशाला? स्वतःहून बसावं, त्यात त्याचं राजेपण आहे.

ऐकायला झकास. पण ज्याच्यासाठी आठ प्यादी, दोन घोडे आणि बाकीचा लवाजमा कापला गेला, त्याने शेवटी चार धक्के खाल्ले तर कुठे बिघडलं? मेलेल्यांपैकी कोणालाही ‘मी आता मानाने बसतो’ म्हणायची सोय नव्हती.

आता तो डाव सांगतो, कारण सगळी भांडणं तिथून सुरू झाली.

एका खुल्या स्पर्धेची शेवटची फेरी. समोर माझ्यापेक्षा रेटिंगने बराच वरचा खेळाडू, मी काळे मोहरे घेऊन. मध्यखेळातच माझं कंबरडं मोडलं होतं. मारामारी संपली तेव्हा त्याच्याकडे वजीर आणि एक प्यादं, माझ्याकडे हत्ती आणि एक प्यादं. अशा वेळी शहाणी माणसं हात पुढे करतात. मी केला नाही. तो एक चाल खेळायचा आणि उठून दुसरे पट बघायला जायचा. पेनाला टोपण लावून ठेवलेलं. नोंदीच्या कागदावर निकालाच्या चौकटीत त्याने 1-0 आधीच लिहून टाकलं होतं. उलट्या बाजूने वाचायला वेळ लागत नाही, मी वाचलं. त्या क्षणापर्यंत कदाचित सोडलाही असता, त्यानंतर शक्यच नव्हतं.

स्थिती नीट डोळ्यापुढे आणा. माझा राजा कोपऱ्यात. त्याच्या पुढ्यात माझं प्यादं, आणि त्या प्याद्याच्या नाकाला नाक लावून पांढरं प्यादं, म्हणजे माझं प्यादं जागचं हलत नाही. कोपऱ्यातून तिरकं बाहेर पडायचं घर त्याच पांढऱ्या प्याद्याने धरलेलं. उरलं राजाच्या शेजारचं एकच घर. त्याने वजीर पटाच्या मध्यावर आणून ठेवला आणि उठून गेला. धमकी होती पुढच्या चालीला शेवटच्या ओळीवर मात. पण मध्यावर बसलेल्या त्या वजिराने जाता जाता माझ्या राजाचं ते उरलेलं घरही तिरकं धरून ठेवलं होतं. आता माझ्या बाजूला हलू शकणारा एकच मोहरा होता, हत्ती. तो नसता तर मला खेळायला चालच नव्हती, आणि राजाला तर शह नाही.

मी हत्ती उचलला आणि त्याच्या राजाच्या पाठीला लावून ठेवला. शह. हत्तीला कोणाचा जोर नाही. तो परत आला, खुर्चीवर बसलासुद्धा नाही, उभ्या उभ्या राजाने हत्ती उचलला, घड्याळ दाबलं आणि पेनाचं टोपण काढलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो. तो माझ्याकडे बघतोय, मी पटाकडे बघतोय. मग त्याचीही नजर पटावर गेली आणि तो हळूहळू खाली बसला.

जिच, म्हणजे राजाला शह नाही आणि खेळायला चालही नाही. पंच आले, बघितलं, बरोबरी. त्याने त्या चौकटीत खाडाखोड करून अर्धा-अर्धा लिहिलं.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, हेही सांगतो. 1963-64 ची अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा लोकांना फिशरच्या 11 पैकी 11 गुणांसाठी आठवते. त्याच स्पर्धेत लॅरी इव्हान्सने सॅम्युएल रेशेव्स्कीविरुद्ध पार हरलेल्या डावात आधी वजीर फुकट दिला, मग हत्ती पुढे केला. हत्ती घेतला तर जिच, नाही घेतला तर तो शह देत जन्मभर राजाच्या मागे. रेशेव्स्की म्हणजे लहानपणी प्रदर्शनी डावांत मोठमोठ्यांना लोळवणारा माणूस, त्यालाही हे आधी दिसलं नाही. तो डाव मी कितीतरी वेळा मांडून पाहिलेला होता. मी वाट बघत होतो ती त्याचीच.

दादा त्याच स्पर्धेत खेळत होता. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर “अरे, हे काय खेळणं झालं? हात पुढे करायचा होतास.” मग जिच ही कशी पळवाट आहे यावर प्रवचन. ज्याच्याकडे वजीर आहे त्याने बरोबरी का घ्यावी, वगैरे.

दादा, नियम ठरवणाऱ्यांचीही यावर शतकानुशतकं भांडणं झाली आहेत. जुन्या शतरंजमध्ये जिच करणारा जिंकायचा, तुझ्या मनासारखं. पण इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत नेमकं उलटं होतं, ज्याने समोरच्याला जिच केलं तोच हरायचा. म्हणजे हातात वजीर असून जो निष्काळजीपणे खेळला, त्याला शिक्षा. एकोणिसाव्या शतकात तिथेही बरोबरी आली. तेव्हा अर्ध्या गुणावर भागवलं हे त्या माणसाचं नशीब म्हणायचं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो.

डाव सोडणं पळपुटेपणा नाही. दोन ग्रँडमास्टर खेळत असतात तेव्हा एक घोडा कमी झालेला माणूस डाव सोडतो, कारण पुढचा तासभर काय होणार हे दोघांनाही पाठ असतं. पण ही त्यांची रीत आहे, आणि आपण ती त्यांचं कौशल्य न घेता उचलली. आपल्या पातळीवर एक घोडा कमी असणं म्हणजे काहीच नाही, पुढच्या दहा चालींत समोरचा तो परत करतो.

शिवाय त्यांच्यातही सोडणारे फसले आहेत. माँटे कार्लो, 1902, फॉन पोपिएल विरुद्ध मार्को. मार्कोचा उंट जखडला गेला होता, म्हणजे हलला तर मागचा मोहरा उघडा पडेल असा, तो वाचत नाही असं दिसलं आणि त्याने डाव सोडला. तोच उंट त्याने पांढऱ्या राजाच्या बगलेत नेऊन ठेवला असता तर डाव मार्कोच जिंकत होता! जिंकणारी चाल समोर असताना सोडलेला डाव म्हणून तो अजून पुस्तकांत छापतात. आणि अलीकडचं बघायचं तर नॉर्वेतलं स्टॅव्हँगर, 1 जून 2025. कार्लसन डावभर गुकेशवर स्वार होता. गुकेशने ‘आता उमदेपणाने सोडतो’ असं काही केलं नाही, चिकटून राहिला. वेळ कमी उरल्यावर कार्लसनची घोड्याची एक चाल चुकली आणि डाव उलटला. मग टेबलावर मूठ आपटली ती कार्लसनने, मोहरे उडाले ते सगळ्यांनी पाहिलं. गुकेश तेव्हा विश्वविजेता होता. त्याला कोणी असंस्कृत म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

कधी सोडायचा? मी मनातल्या मनात पट फिरवतो. समोरच्याच्या खुर्चीत मी असतो आणि घड्याळात त्याच्याइतकाच वेळ असता, तर हा डाव मी डोळे झाकून जिंकला असता का? उत्तर जरा जरी अडखळलं तरी खेळायचं. त्याच्याकडे उंट आणि घोडा उरलेत आणि तुमचा नुसता राजा? अजिबात सोडू नका. ती मात जमते, पण पन्नास चालींच्या आत, म्हणजे तुम्हाला बरोबरी मागता येण्याआधी, ती करून दाखवणारे क्लबात फार थोडे असतात. दोन घोडे उरले असतील तर मात जबरदस्तीने होतच नाही, तुम्ही स्वतः चुकलात तरच. आणि त्याचा वेळ संपत आलाय आणि तुमचा भरपूर आहे, तर कितीही वाईट स्थिती असो, हात खिशात.

लहान मुलांना तर डाव सोडायला शिकवूच नये असं माझं ठाम मत आहे. मात कशी होते हे त्यांना मात खाऊनच कळतं. दहा वर्षांचं पोर राजा आडवा पाडून गंभीर चेहरा करतं तेव्हा लोकांना कौतुक वाटतं, मला त्याच्या शिक्षकाचा राग येतो. शेवटचा खेळ, म्हणजे पटावर चार-पाच मोहरे उरल्यावरचा खेळ, त्याला कधी बघायलाच मिळत नाही. राजा तिथे स्वतः लढायला बाहेर पडतो, प्याद्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो. लवकर सोडणाऱ्याला हा राजा भेटतच नाही, त्याचा राजा जन्मभर किल्लेकोटातच.

आता दुसरी बाजू, नाहीतर कोणी तरी खाली येऊन ऐकवेलच. मोबाइलवर हरायला लागलं की चाल न खेळता घड्याळ संपेपर्यंत बसून राहणारे असतात. ते लढणं नव्हे, तो रडीचा डाव. समोर दोन वजीर आहेत, त्याच्याकडे वेळ आहे आणि तुमच्याकडे एकटा राजा, तरी प्रत्येक चालीला दहा मिनिटं घेणारेही त्यातलेच. तिथे सोडा. आणि समोरच्याने खरोखर सुंदर मात रचली असेल तर डाव सोडून ती त्याच्या हातून काढून घेऊ नका, पटावर होऊ द्या. हे मला दादानेच शिकवलं. तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

पण तेवढ्यापुरताच. दादाने एकदा असाच मानाने एक डाव सोडला. समोर पांढरा राजा, उंट आणि अगदी कडेचं एक प्यादं, दादाकडे नुसता राजा. हरलो म्हणाला, दोन बोटांनी राजा पाडला, हसून हात मिळवला, सगळे म्हणाले काय दिलदार माणूस. मी नंतर त्या प्रतिस्पर्ध्याकडून कागद मागून घेतला आणि घरी पट मांडला. ते प्यादं ज्या कोपऱ्यात वजीर होणार होतं ते घर काळं आणि उंट पांढऱ्या घरांचा. दादाचा राजा त्या कोपऱ्यापासून दोन पावलांवर. एकदा का तो कोपऱ्यात जाऊन बसला की पांढऱ्या घरांच्या उंटाला त्याला तिथून हुसकावता येत नाही. फार जोर केला तर जिच. शेवटच्या खेळाच्या कुठल्याही पुस्तकात सुरुवातीलाच सापडेल अशी बरोबरी, आणि आमच्या महाशयांनी ती उमदेपणाच्या नावाखाली दान केली.

हे मी त्याला सांगितलं तर म्हणतो, “गुणांसाठी खेळत नाही मी.” ठीक आहे. मग गुणांसाठी नको, खेळासाठी ये. पट मी मांडून देतो, तो कागद अजून माझ्याकडे आहे. उंट आणि प्यादं तू घे, नुसता राजा मला दे, आणि जिंकून दाखव.