गावात वर्गणी काढून रुग्णवाहिका घ्यायची आहे. खर्च किती येईल, परवानगी कोणाची लागते?

गाडी घेऊ नका. निदान आधी तरी घेऊ नका.

पुण्यातली नोकरदार पोरं पैसे काढणार आणि गाडी गावात उभी राहणार, असं तुम्ही लिहिलंय. पानशेतपलीकडच्या आमच्या गावात नेमकं हेच झालं. मंडळाचे अध्यक्ष माझे चुलते, तात्या. नारळ फुटला, गाडीवर चारी बाजूंनी फोटो लागले. ड्रायव्हर कोण? "बघू."

त्या पावसाळ्यात पहाटे शेजारच्या वहिनींच्या पोटात कळ आली. जमिनीवर झोपलेल्या. अंगावर खूण नाही, सूज नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या, वायगोळा असेल, ओवा द्या. आशाताई आली, तिनं ओवा बाजूला सारला. "वहिनी, वर बघा, माझ्या बोटाकडं." पापण्या उचलेनात. मण्यार! ती चावल्याचं झोपेत बऱ्याचदा कळतही नाही. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तुटतो आणि श्वास बंद पडतो.

रुग्णवाहिका चिंचेखाली. चावी तात्यांकडं, तात्या पुण्यात, बॅटरी उतरलेली. दुधाची पिकअप निघत होती. कॅन उतरवले, सतरंजी टाकली. १०८ ला फोन झालाच होता. ती खालून निघाली, आम्ही वरून. वाटेत वहिनींचा श्वास अगदी वरवरचा झाला. आशाताईनं दोन्ही हातांनी जबडा उचलून मास्क तोंडावर घट्ट धरला, मी अंबू बॅग, म्हणजे मास्कला जोडलेली श्वास द्यायची पिशवी, दाबत होतो. पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती जेमतेम वर येईल इतकीच. घाबरला की हात भराभर चालतो, तो आवरणं सगळ्यात अवघड. खडकवासल्याच्या अलीकडं १०८ भेटली. पुढं व्हेंटिलेटर, कारण मण्यारीच्या दंशात विषावरची लस देऊनही स्नायू लगेच सुटत नाहीत. वहिनी यंदा भातलावणीला होत्या.

तात्या अजून म्हणतात, "गाडी चालू असती तर लवकर पोचला असतात." पोचलो असतो, मढं घेऊन. बॅग दाबायला आम्हाला एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी शाळेच्या पडवीत शिकवलं, पुतळ्यावर, फुकट. त्या वर्गाच्या चहाला मंडळाकडं पैसे नव्हते, उद्घाटनाच्या मांडवाला होते.

म्हणून आधी माणसं तयार करा. मग अंबू बॅग, घडीचं स्ट्रेचर, चांगले टॉर्च. ग्राम सुरक्षा यंत्रणेत गावाचे फोन नोंदवून घ्या. एका टोल फ्री नंबरवर बोललेलं सगळ्यांच्या फोनवर वाजतं. अपघातात हात लावायला पोरं पोलिसांना भितात, त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ वाचून दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

आता, तुमच्याकडं १०८ यायला तासाच्या वर लागत असेल तर गाडी लागेल, नाही म्हणत नाही. आरटीओत रुग्णवाहिका म्हणूनच नोंदवा. बांधणीला एआयएस-१२५ हे मानक आहे. खर्चात गाडीच्या किमतीपेक्षा दरमहाचा आकडा आधी मांडा: चोवीस तासांसाठी पाळीचे ड्रायव्हर, डिझेल, विमा, टायर. ड्रायव्हरचा पगार कोण देणार हे ठरल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका. तात्यांना हे मी लेखी दिलं होतं, कागद मंडळाच्या फायलीत असेल अजून.