'अंडर रॅप्स' ऐकायचाय? आधी हे वाच

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा 'थिक ॲज अ ब्रिक' हा अल्बम ऐकून लगेच त्यांच्याच १९८४च्या 'अंडर रॅप्स'कडे वळू नकोस, दचकशील. बासरी आहे, पण ड्रमर नाही. सगळा ठेका यंत्राचा. जुने चाहते तिथेच बिथरले, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. तो ठेका आजही कोरडा वाटतो.

तरी ऐक, फक्त जरा आडवाटेने. आधी बँडचा गायक-बासरीवादक इयन अँडरसनचा १९८३चा 'वॉक इंटू लाइट' हा एकल अल्बम लाव. दोन्ही अल्बमवर असलेल्या पीटर-जॉन व्हेटीसच्या कीबोर्डची तिथे सवय होते आणि धक्का निम्मा होतो. मग थेट 'अंडर रॅप्स २': शीर्षकगीताचंच अकूस्टिक रूप. यंत्र बाजूला झालं की चाल किती पक्की आहे ते कळतं. 'लेटर, दॅट सेम इव्हनिंग'ही चुकवू नकोस. शब्दांत हेरगिरी आणि शीतयुद्ध भरलंय. गिटारवादक मार्टिन बारला हा अल्बम फार आवडतो, हे नावं ठेवणारे सोयीस्करपणे विसरतात! गाण्याची पट्टी मात्र चढी आहे. याच अल्बमच्या दौऱ्यात अँडरसनचा गळा कायमचा दुखावला.

आणि जुनी एलपी हाती लागली तर लक्षात ठेव, सीडीवरची चार गाणी तिच्यात नाहीत.