जांभळा दिवा की साधी ट्यूब?

प्रश्न : आमचं घर पहिल्या मजल्यावर. समोर टॉवर उभा राहिला आणि बाल्कनीतलं सकाळचं ऊन गेलं. तुळस नुसती उंच वाढते, पानं फिकट, पुदिनाही तसाच. ऑनलाइन 'एक हजार वॅट'चा जांभळा ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) स्वस्तात दिसतोय. घ्यावा का? यजमान म्हणतात, बिल बघून झीट येईल. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, बिलाची काळजी सोडा, तो दिवा हजार वॅट ओढतच नाही. असाच एक मी घेतला होता. प्लगला मीटर लावून पाहिलं तर ९४ वॅट! 'हजार' हा आकडा खोक्यापुरता. शिवाय स्वयंपाकघर ऑर्केस्ट्राच्या स्टेजसारखं दिसायचं. तेही चाललं असतं, पण त्या उजेडात पानाखालचा पिठ्या ढेकूण नजरेला पडेना. दिवा बंद करून बघितलं तेव्हा तुळशीच्या पेरापेराशी पांढरा कापूस. निम्मी फांदी कापावी लागली.

जांभळ्या दिव्यात लाल आणि निळा उजेड असतो आणि झाडाला हे दोन्ही हवेत, हे खरं. पण पांढऱ्या एलईडीत ते दोन्ही असतात, वर हिरवाही असतो आणि तो पानांच्या खालच्या थरापर्यंत पोचतो. म्हणून ग्रो लाइट घ्यायचाच तर पांढरा घ्या आणि खोक्यावर 'मायक्रोमोल प्रति ज्यूल' शोधा. खाल्लेल्या विजेच्या मानाने झाडाच्या कामाचा उजेड किती, ते हा आकडा सांगतो. अडीच किंवा वर असेल तर माल चांगला. आकडाच छापलेला नसेल तर मी खोकं परत ठेवते.

तुमच्या चार कुंड्यांना मात्र त्याचीही गरज नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातून २० वॅटच्या, चार फुटी, ६५०० केल्विनच्या (म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या) दोन एलईडी ट्यूब आणा (दुकानदार 'बॅटन' म्हणेल). शेजारी शेजारी लावा, कुंड्या त्यांच्याखाली ओळीने ठेवा. ट्यूब शेंड्यापासून एक वीतभर वर हवी, छताला लावलेली उपयोगाची नाही. सगळी गंमत अंतरात आहे. फोनमध्ये लक्स (उजेडाचं माप) मोजायचं ॲप घ्या, फोन पानाजवळ आडवा धरा, कॅमेऱ्याची नाही तर स्क्रीनची बाजू वर. ॲप काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. आठ-दहा हजार दिसले तर तुळशी-पुदिन्याचं भागतं. मनीप्लांटला एवढं लागत नाही, त्याला खिडकीतच राहू द्या.

आता यजमानांसाठी हिशेब. ४० वॅट रोज १४ तास, म्हणजे ०.५६ युनिट, महिन्याला साधारण १७. युनिटला आठ रुपये धरले तरी १३५च्या आसपास. टायमरचा प्लग लावा, नाहीतर रात्री बंद करायचं राहून जातं, आणि झाडालाही काळोख लागतोच. कुंडीत पाणी घालताना बटण बंद हवं. वायरला प्लगच्या खाली थोडा झोल ठेवा, म्हणजे पाणी ओघळून थेट प्लगमध्ये जात नाही.

आधीच लांबलेल्या काड्या मात्र आखूड व्हायच्या नाहीत. नवा उजेड लागल्यावर आठवडाभर थांबा, मग खालची दोन-तीन पानांची पेरं ठेवून शेंडे खुडा. तिथून फुटवा येईल, तो बुटका आणि गडद दिसेल.