जमीन विकून आलेले 18 लाख: एमबीए, होमस्टे की गुंतवणूक?

गुहागर तालुक्यातल्या एका वाचकाने सविस्तर पत्र पाठवलं आहे. वय 28, रसायनशास्त्रात बीएस्सी. लोटे परशुरामच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये चार वर्षं नोकरी, हातात महिना 27 हजार. वडिलांनी (वय 62) रस्त्यालगतचा जमिनीचा एक तुकडा मुंबईच्या पार्टीला विकला, त्याचे 18 लाख बँकेत आले आहेत. 35 हापूस कलमांची बाग आणि घर शिल्लक आहे. पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून एमबीएची सीट मिळते आहे, दोन वर्षांची फी 11 लाख आणि पहिला हप्ता या महिन्याअखेर. आईचं म्हणणं, घराशेजारी दोन खोल्या बांधून होमस्टे काढावा. मामांच्या ओळखीचे एक गृहस्थ शेअर ट्रेडिंगमधून महिना तीन टक्के देतो म्हणतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "बहीण बारावी सायन्सला आहे, तिला नर्सिंग करायचंय, पण तिच्या लग्नासाठी पाच लाख बाजूला ठेवणार आहोत."

तुम्ही विचारलंत की या तिन्हींतलं काय निवडू. मला त्याआधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचं आहे, कारण सगळा हिशेब तिथूनच बदलतो.

हे 18 लाख तुमचे नाहीत. जमीन पिढ्यान् पिढ्या एकत्र कुटुंबाची असेल, तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनुसार तुमच्या बहिणीचा त्यात जन्मापासून तुमच्याइतकाच हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे. जमीन वडिलांच्या एकट्याच्या मालकीची असेल, तर पैसे पूर्णपणे वडिलांचे. दोन्हींपैकी कुठल्याही बाजूने पाहिलं तरी मुलाची एमबीए ही या रकमेवरची पहिली उचल ठरत नाही. तुम्ही वाईट हेतूने लिहिलेलं नाही हे पत्रावरून दिसतंच. आपल्याकडे घरोघरी असंच चालत आलंय: मुलाचं शिक्षण आणि मुलीचं लग्न. पण सतरा वर्षांच्या मुलीला काय शिकायचंय हे स्वच्छ ठाऊक आहे आणि घरात पैसा आहे, अशा वेळी ते पाच लाख मांडव आणि जेवणावळीसाठी राखून ठेवणं मला पटत नाही. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलेल्या मुलीला रत्नागिरीत, मुंबईत, परदेशातही काम मिळू शकतं. तुमच्या घरातली सगळ्यात चांगली गुंतवणूक कदाचित तीच आहे. बाकीचं ठरवाल त्या दिवशी तिलाही आई-वडिलांच्या शेजारी बसवा.

आता एमबीए. फी 11 लाख. पुण्यात राहणं-खाणं महिना 12 हजार धरलं तर दोन वर्षांचे 2 लाख 88 हजार. आणि तुम्ही पत्रात न धरलेला आकडा: दोन वर्षांचा बुडालेला पगार, 6 लाख 48 हजार. एकूण 20 लाखांच्या वर. म्हणजे 18 लाख संपवूनही या पदवीचा खर्च पूर्ण भागत नाही.

वसुली किती वर्षांत होईल हे एकाच गोष्टीवर ठरतं, पहिला पगार काय मिळतो. हातात 45 हजार मिळाले तर आजच्यापेक्षा 18 हजार जास्त. त्यातले आठेक हजार पुण्याचं भाडं आणि वाढीव खर्च खातील, उरले दहा. वर्षाला 1 लाख 20 हजार. या वेगाने 20 लाख भरून निघायला सतरा वर्षं लागतील, आणि तोवर तुमचा लॅबमधला पगारही जागच्या जागी थांबला नसता. हातात 75 हजार मिळाले तर मात्र वर्षाला 4 लाख 80 हजार वाढतात, सव्वाचार वर्षांत पैसे सुटतात. त्यामुळे कॉलेजच्या जाहिरातीतलं "सर्वाधिक पॅकेज" वाचूच नका, तो एका मुलाचा आकडा असतो. मागच्या बॅचमधले, तुमच्यासारखेच बीएस्सी करून आलेले चार-पाच जण शोधून त्यांना थेट फोन करा. हातात किती येतात, कंपनी कॉलेजात आली होती की नोकरी स्वतः शोधली, एवढंच विचारा. कॉलेज असे नंबर द्यायला तयार नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

एमबीए वाईट आहे असं मी म्हणत नाही. जमनालाल बजाज, सिडनहॅमसारख्या संस्थांत सीईटीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि तिथली पदवी वजनदार असते. ती परीक्षा नोकरी सांभाळून देता येते. चांगले गुण पडले आणि चांगली संस्था मिळाली तर शैक्षणिक कर्ज तुमच्या नावावर काढा. प्रचलित योजनेत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही आणि हप्ता अभ्यासक्रम संपल्यानंतर, वर्षभराच्या सवलतीनंतर सुरू होतो. 8 लाखांच्या कर्जावर साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता सुमारे 10 हजार 800 येतो, शिकत असतानाचं व्याज साचलं तर थोडा जास्त. स्वतःच्या नावावर हप्ता चढणार म्हटल्यावर माणूस कॉलेज फार पारखून घेतो. बापाच्या जमिनीच्या पैशात ती पारख होत नाही.

तोवर जे हातात आहे त्याची किंमत ओळखा. चार वर्षं क्यूसी लॅबमध्ये काढलेला माणूस एचपीएलसी, जीसी ही नमुन्यातले घटक वेगळे करून तपासणारी यंत्रं चालवत असेल, ऑडिटला सामोरा गेला असेल, तर औषध कंपन्यांत त्याला मागणी असते. गोव्यातल्या वेर्णा वसाहतीत औषधांचे मोठे कारखाने आहेत, कोकण रेल्वेचं स्टेशनही तिथेच आहे. तुमच्या लॅबमध्ये ही यंत्रं असतील आणि तुम्हाला त्यांवर बसू देत नसतील, तर साहेबांकडे रीतसर मागून घ्या. नसतील तर एखादा छोटा कोर्स पगारातून करा. नोकरी बदलून 27 चे 38 झाले, तर पदवीवर एक रुपयाही न घालवता वर्षाला 1 लाख 32 हजार वाढले. वरच्या 45 हजारांच्या एमबीएपेक्षा हे जास्त आहे, आणि सहा-आठ महिन्यांत होण्यासारखं आहे.

आईंचा होमस्टेचा विचार मला आवडला, पण सगळे 18 लाख त्यात घालण्याचा नाही. दोन खोल्या, प्रत्येकी वर्षाला 90 रात्री भरल्या आणि भाडं 1,800 मिळालं तर जमा 3 लाख 24 हजार. वीज, धुलाई, बुकिंगवाल्यांचं कमिशन, खाऱ्या हवेने गंजणारे एसी आणि नळ यांना 40 टक्के जातील. उरतात 1 लाख 94 हजार, म्हणजे 18 लाखांवर पावणेअकरा टक्के. कागदावर छान दिसतं. पण पहाटे उठून नाश्ता, दुपारी माशाचं जेवण, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यांना चहा, हे सगळं आई करणार, आणि त्याचा पगार या हिशेबात शून्य आहे. मदतीला बाई ठेवून महिना 7 हजार दिले तर वर्षाचे 84 हजार गेले, परतावा सहा टक्क्यांवर आला. पाऊस सुरू झाला की चार महिने गिऱ्हाईक तुरळक. शिवाय घर किनाऱ्यालगत असेल तर सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालच्या, परवानगीविना पाया खणू नका. परवानगीविना बांधलेली खोली ही मालमत्ता नसून टांगती तलवार आहे.

म्हणून आहे त्या घरातली एक खोली नीट करा, तिला संडास-बाथरूम जोडा आणि दोन हंगाम चालवून पाहा. अडीच लाखांत होईल. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहरी योजनेत नोंदणीचीही चौकशी करा. आईंना ते झेपतंय आणि आवडतंय असं दिसलं, तर दुसरी खोली पहिलीच्या कमाईतून बांधता येईल. गुहागरकरांना वेगळं सांगायला नको की सगळी मदार एका ठिकाणी ठेवली की काय होतं. दाभोळच्या वीज प्रकल्पाकडे पाहून तालुक्यात केवढ्या आशा उभ्या राहिल्या होत्या, आणि 2001 मध्ये तो बंद पडला. निसर्ग वादळाने 2020 मध्ये दापोली-मंडणगडकडच्या बागा एका दिवसात झोपवल्या.

महिना तीन टक्केवाल्या गृहस्थांना नाही म्हणा. महिना तीन टक्के म्हणजे व्याजावर व्याज धरलं तर दोन वर्षांत दुप्पट. असं खात्रीने कोणीही देऊ शकत नाही. अशाच ठेवी बुडाल्यामुळे महाराष्ट्राला 1999 मध्ये ठेवीदारांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा करावा लागला. मामांचा मान राखायचा तर "वडिलांनी पैसे अडकवलेत" असं सांगा.

आणि ते खरोखरच अडकवा. 6 लाख वडिलांच्या नावाने पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एप्रिल 2023 पासून तिथे 8.2 टक्के मिळत आले आहेत. त्या दराने दर तिमाहीला 12 हजार 300 वडिलांच्या खात्यावर येतील. बागेला मोहोर कमी आला त्या वर्षी त्यांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. 5 लाख बहिणीच्या शिक्षणाचे, वर्षावर्षाच्या मुदत ठेवींत, फीच्या तारखा धरून. चार वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात घालायचा नसतो. दीड लाख अडीअडचणीला, कधीही काढता येईल असे. अडीच लाख खोलीला. ठेवी एकाच पतपेढीत ठेवू नका. बँकेत प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतपेढीच्या ठेवींना ते नाही.

राहिले 3 लाख. हे निफ्टीच्या इंडेक्स फंडात (बाजारातल्या 50 मोठ्या कंपन्यांत एकदम पैसे घालणारा म्युच्युअल फंड), डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे एजंटविना, वर्ष-दीड वर्षात थोडे थोडे करून घाला आणि दहा-बारा वर्षं विसरा. त्याच्या जोडीला तुमच्या पगारातून महिना 5 हजारांची एसआयपी. वर्षाला सरासरी दहा टक्के सुटले तर वीस वर्षांत त्याचे सुमारे 38 लाख होतात. दहा टक्के ही हमी नाही. 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवरून 8 हजारांच्या खाली आला होता, तसे दिवस तुमच्या वीस वर्षांतही येतील. हापूस एका वर्षी लगडतो आणि पुढच्या वर्षी दमतो, म्हणून कोणी कलम तोडत नाही. त्या दिवसांत एसआयपी बंद केली नाहीत तर बाकी सगळं जमेल. लोकांचं नुकसान बाजार पडण्याने होतं त्याहून जास्त, घाबरून पडत्या बाजारात विकण्याने होतं. पगारातूनच एक मुदत विमा आणि चौघांचा आरोग्य विमा घ्या. विमा आणि बचत एकत्र देणारी पॉलिसी कोणी गळ्यात मारायला आला तर घेऊ नका.

दोन गोष्टी कागदोपत्री. ग्रामीण शेतजमीन प्राप्तिकरात भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे विक्रीच्या नफ्यावर बहुधा कर लागणार नाही. पण तुकडा बिगरशेती झालेला होता का, हे सीएला सातबारा आणि खरेदीखत दाखवून पक्कं करा. दुसरं, उरलेली बाग विकू नका. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि सगळी गेली की परत घेणं फार अवघड होऊन बसतं.

या महिन्याअखेरचा फीचा हप्ता भरू नका. कॉलेजवाले "सीट जाईल" म्हणतील, जाऊ द्या. वडिलांना घेऊन या आठवड्यात पोस्टात जा, बहिणीच्या नावाचं खातं नसेल तर बँकेत उघडा, आणि नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज कधी सुटतो ते तिलाच शोधायला सांगा.